मुजद्दिद

मुजद्दिद (अर्थ : नूतनीकरण करणारा) ही इस्लाममधील धर्मसुधारकाची संकल्पना आहे. अबू दाऊद (मृत्यू इ.स. ८८९) यांच्या 'सुनन' या संग्रहातील एका हदीसवर ती आधारलेली आहे. प्रत्येक शतकाच्या शिरोभागी ईश्वर मुस्लिम समुदायासाठी धर्माचे नूतनीकरण करणारा पाठवील, असा या हदीसचा आशय आहे.

या हदीसच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. 'शिरोभाग' म्हणजे शतकाचा आरंभ की अखेर, हा एक वाद होय. मूळ अरबीतील 'मन' हे सर्वनाम एकवचनी व अनेकवचनी दोन्ही अर्थांनी येते. त्यामुळे एका शतकात अनेक मुजद्दिद संभवतात, असे काही विद्वान मानतात.

पहिल्या हिजरी शतकासाठी खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ आणि दुसऱ्यासाठी इमाम शाफिई यांची नावे सुन्नी परंपरेत सामान्यतः घेतली जातात. पुढील शतकांच्या याद्यांत मात्र एकवाक्यता नाही. सुयुती (१४४५–१५०५) यांनी हा मान स्वतःकडे असल्याचे सुचविले. भारतात शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांना अनुयायांनी दुसऱ्या सहस्रकाचे मुजद्दिद मानले. मिर्झा गुलाम अहमद (मृत्यू १९०८) हे केवळ मुजद्दिद की प्रेषितही, या प्रश्नावर १९१४ मध्ये अहमदिया पंथात फूट पडली. बहुसंख्य मुस्लिमांना त्यांचे दावेच अमान्य आहेत.

हदीसमध्ये मुजद्दिदाचे नाव वा निवडीची रीत सांगितलेली नाही. म्हणून प्रत्येक दाव्याचा निर्णय समुदायाच्या मान्यतेवरच अवलंबून राहतो.