ड्राफ्टमूल्य (अमेरिकन फुटबॉल)

नॅशनल फुटबॉल लीगच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये निवडलेला खेळाडू त्याच्या निवडक्रमाच्या मानाने किती उपयोगी ठरला, याचे मूल्यमापन. बर्ट बेल यांच्या प्रस्तावानुसार १९३६ पासून तळाच्या संघाला पहिली निवड मिळते (→ ड्राफ्ट). १९९० च्या दशकारंभी डॅलस काउबॉइज संघाने प्रत्येक क्रमांकाला गुण ठरवले : पहिल्याला ३,०००, बत्तिसाव्याला ५९०. वेतन जमेस धरता अगदी वरच्या निवडी महाग पडतात, असे केड मॅसी व रिचर्ड थेलर यांनी दाखवले. २०११ च्या करारानंतर नवोदितांचे वेतन निवडक्रमाशी बांधले गेले (→ वेतनमर्यादा). उशिराची निवडही मोलाची ठरू शकते : उदा., टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा निवडला गेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. पहिला करार चार वर्षांचा असल्याने तो संपण्याआधी दिलेला निकाल कच्चाच मानावा.