अक्षरापूर्वीं हात

चार-पांच वर्षांच्या मुलापुढें पाटी ठेवून 'अ' गिरवून घ्यावयाचा, आणि रेघ वांकडी गेली कीं त्यास मंद ठरवावयाचें, हा आपल्या सुशिक्षित घरांतील जुना प्रघात आहे. मनगटाचीं आठ हाडें जन्मतः बहुतेक कूर्चेचींच असतात व पुढें वर्षानुवर्षें सावकाश पक्कीं होतात, याचा त्या वेळीं कोणासही विचार सुचत नाहीं. हा विचार ज्या भूमींत मोठ्या प्रमाणावर झाला, त्या वर्ध्याचा इतिहास म्हणूनच पालकांनीं आठवण्यासारखा आहे.

गांधीजींस स्वतःच्या गचाळ अक्षराची फार लाज वाटे. मुलांस आधीं चित्रें काढण्यास शिकवावें व मग लिहिण्यास, असा बोध त्यांनीं आपल्या आत्मकथेंत या अनुभवावरून काढला आहे. पुढें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं त्यांच्या अध्यक्षतेखालीं वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली, आणि झाकिर हुसेन समितीनें हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफणारी योजना तयार केली. परंतु ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. जानेवारी १९४५ मधील सेवाग्रामच्या परिषदेंत नव्या शिक्षणाचें क्षेत्र जन्मापासून मृत्यूपर्यंत विस्तारलें, व सातांखालील मुलांचें 'पूर्व-बुनियादी' शिक्षण त्याचें पहिलें अंग ठरलें.

याच प्रश्नाला डॉ. माँटेसरी यांनीं रोम येथें १९०७ पासून निराळ्या साधनांनीं हात घातला होता. त्यांच्या लांकडी दट्ट्यांच्या मुठी मूल ज्या तीन बोटांनीं धरतें, त्यांनींच पुढें लेखणी धरावयाची असते. साधनें उत्तम, पण खेड्यास महाग. वऱ्हाडाशेजारच्या या कापसाच्या मुलखांत तें काम घरच्याच वस्तूंनीं होण्यासारखें होतें. कापसांतील काडीकचरा वेंचतांना अंगठा व तर्जनी यांची चिमटी साधते. टकळी फिरवितांना एक हात गति देतो, तर दुसरा सूत सांवरतो. धान्य निवडणें, माती मळणें, तांब्यांतून पाणी न सांडतां ओतणें, हेंही तसेंच शिक्षण. ताराबाई मोडक यांनींही १९४५ मध्येंच तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालवाडी काढून परिसरांतील वस्तूंचा असाच उपयोग केला.

हस्तोद्योगानें मूल मजूर बनेल, अशी भीति टीकाकारांनीं त्याच काळीं व्यक्त केली होती, आणि ती निराधार म्हणतां येणार नाहीं. सुताचा हिशेब मागितला कीं खेळ संपला. म्हणून लहान मुलाच्या कामाचें मोल त्याच्या हातास आलेल्या स्थैर्यावरून करावें, निघालेल्या मालावरून नव्हे.

तथापि आपणां पांढरपेशांची अडचण उलट आहे. हाताचें काम हलकें मानण्याची संवय आपण मुलांसही लावतों. शेंगा सोलावयास बसलेल्या मुलीस उठवून तिच्यापुढें पाटी ठेवतों. तिला तेथेंच थोडा वेळ बसूं द्यावें. सोललेल्या प्रत्येक शेंगेबरोबर तिचीं बोटें उद्यांच्या अक्षराचीच तयारी करीत असतात.