मुंबईचे राजभवन : जाण्याआधी माहिती

मलबार हिलच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेले राजभवन हे महाराष्ट्राच्या राज्यपालांचे निवासस्थान. ब्रिटिश गव्हर्नर आधी परळला राहत. त्या वास्तूत आज हाफकिन संस्था आहे. १८८० च्या दशकात त्यांचा कायमचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे इथे राहणारे राज्यपाल आपल्या येळ्ळूरचेही राज्यपाल होते! त्या दिवसापासून आपण म्हैसूर राज्यात गेलो. पुढे १ मे १९६० उजाडताना, मध्यरात्री, याच राजभवनात पंडित नेहरूंनी नव्या महाराष्ट्राच्या नकाशाचे अनावरण केले. त्या नकाशात बेळगाव, निपाणी, येळ्ळूर नव्हते. घरातली थोर मंडळी सोबत असतील, तर ती बंगले आणि बाग सोडून आधी हेच विचारतील, की तो नकाशा नेमका कुठे लावला होता.

मुलांना आवडेल ते भुयार. २०१६ मध्ये सापडलेल्या या ब्रिटिशकालीन बंकरमध्ये १३ खोल्या आहेत. २०१९ मध्ये तिथे संग्रहालय झाले आणि जून २०२२ मध्ये ‘क्रांतिगाथा’ हे क्रांतिकारकांचे दालन आले. श्रीगुंडी देवीचे देऊळही आवारातच आहे.

फाटकावर ऐनवेळी जाऊन उपयोग नाही. आधी ऑनलाइन नोंदणी करावी, प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. आधारवर पत्ता कर्नाटकचा असला म्हणून अडत नाही. मुख्यमंत्र्यांचा ‘वर्षा’ बंगला जवळच आहे, पण तो रस्त्यावरूनच पाहायचा.