अभियांत्रिकी महाविद्यालय, पुणे

मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमानजीक, शिवाजीनगर भागात असलेली ही तंत्रशिक्षणसंस्था १८५४ साली स्थापन झाली असून, मद्रासेजवळचे गिंडी आणि गंगेच्या कालव्याकाठचे रुडकी यांच्या पाठोपाठ देशातील अशा जुन्या संस्थांत तिची गणना होते. २००३ साली तिला स्वायत्तता आणि २०२२ साली राज्याच्या कायद्यान्वये स्वतंत्र तंत्रशास्त्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तरी जुन्या पिढीच्या तोंडी ती 'इंजिनिअरिंग कॉलेज' आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी 'सीओईपी' अशीच राहिली आहे. औसा तालुक्यातील वाचकासाठी लिहिलेल्या या नोंदीत संस्थेच्या इतिहासाबरोबरच, एके काळी निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखाचा तिच्याशी संबंध कसा आला, हेही पाहावयाचे आहे. तो संबंध मुख्यतः पाण्याच्या द्वारे आलेला आहे.

स्थापनेचा हेतू मोठा उदात्त होता असे म्हणता येणार नाही. कंपनी सरकारला रस्ते, पूल, कालवे, बराकी आणि नुकतेच सुरू झालेले लोहमार्ग यांच्या बांधकामावर देखरेख करण्यासाठी दुय्यम दर्जाचे कामगार-अधिकारी हवे होते, आणि विलायतेहून आणलेल्या साहेबाच्या हाताखाली मोजणीची साखळी धरणारा, अंदाजपत्रक लिहिणारा, मजुरांची हजेरी राखणारा इसम येथेच तयार झाला तर खर्चात बचत होईल, एवढ्याच व्यवहारी विचाराने 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या लांबलचक नावाची शाळा उघडण्यात आली. पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन तिचे महाविद्यालय झाले आणि स्थापत्याची एल. सी. ई. ही पदवी तेथे मिळू लागली. ५ ऑगस्ट १८६५ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मुख्य इमारतीची कोनशिला बसविली. तिच्यासाठी मुंबईचे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी ५०,००० रुपये दिले. टोकदार कमानींची ही दगडी वास्तू गॉथिक धाटणीची असून आजही वापरात आहे.

मधल्या काळात संस्थेला 'कॉलेज ऑफ सायन्स' असे नाव होते आणि तेथे शेतकीचे वर्गही चालत. शेतकीसाठी निराळे महाविद्यालय निघाल्यावर, १९११ पासून ती नावानेही केवळ अभियांत्रिकीची झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यंत्र अभियांत्रिकी, चौथ्या दशकात विद्युत अभियांत्रिकी आणि स्वातंत्र्याच्या सुमारास दूरसंचार व धातुविज्ञान अशा शाखा वाढत गेल्या. पुणे विद्यापीठ निघाल्यावर संलग्नता तिकडे गेली. नदीकाठच्या या महाविद्यालयाचा नौकाविहार मंडळ हा एक विशेष होय. १९२८ पासून चालत आलेल्या 'रेगाटा' या उत्सवात नौकांच्या रचना आणि मशालींचे नृत्य पाहण्यास पुणेकर काठावर गर्दी करतात. नदीला मुबलक पाणी होते त्या काळाची ही प्रथा अलीकडच्या मुठेवरही टिकून राहिली, याचे श्रेय नदीपेक्षा विद्यार्थ्यांच्या हट्टाला अधिक द्यावे लागेल.

येथून बाहेर पडलेल्यांत सर्वांत थोर नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास आले, १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत पहिले आले आणि पुढील वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, सिंधमधील सक्कर अशी त्यांची नोकरी झाली. पण त्यांच्या कर्तृत्वाची खरी खूण दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यातील दोन कामांत पाहावयास सापडते. पहिले काम खडकवासल्याचे. धरणाची भिंत न उंचावता साठा वाढविण्यासाठी त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे १९०३ च्या सुमारास बसविले. पुराचे पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की ते उघडावेत आणि ओसरले की मिटावेत, अशी त्यांची योजना होती. दुसरे काम दरवाजांइतके नजरेत भरणारे नाही, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक दूरदृष्टीचे आहे : कालव्याचे पाणी थोड्या उसवाल्या बागाईतदारांच्या शेतात मुरून जाऊ न देता ते अनेक गावांत विभागावे, प्रत्येक गावी जमिनीचे ठराविक गट पाडावेत, आणि त्या गटातही ऊस एका हिश्श्यापुरता ठेवून उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यावीत, अशी 'ब्लॉक पद्धत' त्यांनी घालून दिली. शेतकऱ्यांच्या विरोधाला तोंड देत, सभा घेत, आकडे मांडीत त्यांनी ती रुजवू पाहिली. औशाच्या वाचकाला या विषयाची थोरवी समजावून सांगण्याची गरज नाही.

मुंबई सरकारच्या चाकरीतून बाहेर पडल्यावर विश्वेश्वरय्यांचा निजामाच्या राज्याशी संबंध आला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची दाणादाण उडविली, हजारो माणसे दगावली, आणि पुराचा बंदोबस्त व शहराची सांडपाणी-व्यवस्था यांची योजना आखण्यासाठी दरबाराने त्यांना १९०९ साली पाचारण केले. शहरात नदीला तट बांधण्यावर न थांबता, वरच्या अंगाला मुसी व तिची उपनदी इसी यांवर जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच रोखावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून पुढे १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरे झाले. त्यानंतर ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

औसा त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका होता आणि तेथील दफ्तर उर्दूत चालत होते. पुण्यात शिकलेला अभियंता निजामाच्या राजधानीचा पूर आवरण्यास गेला खरा, परंतु औशाचा मुलगा अभियंता होण्यासाठी पुण्याला जावा, अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती. मुंबई इलाख्यातील संस्थेचा आणि या मुलखाच्या शाळांचा धागा जुळत नव्हता. १९१८ च्या फर्मानाने स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ आणि तेथे पुढे निघालेला अभियांत्रिकीचा वर्ग हाच या भागाचा राजमान्य रस्ता होता, आणि तोही उर्दू माध्यमाचा. गंमत अशी की रूळ उलट दिशेला गेले होते : बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ पासून लातूरहून कुर्डुवाडीला जात होती, आणि तेथून मोठ्या गाडीने पुणे गाठता येत होते. कापूस आणि धान्य त्या वाटेने पश्चिमेकडे गेले, विद्या मात्र पूर्वेकडेच पाहत राहिली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर आणि विशेषतः १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर ही अडचण दूर झाली. १९६० साली औरंगाबादेस सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले.

वसाहतीच्या काळात कालव्या-रस्त्यांसाठी काढलेल्या शाळेतून राज्यकर्ते निघावेत, हा प्रकार केवळ पुण्याचाच नाही. डच अमलाखालील जावा बेटातील बांडुंग या थंड हवेच्या शहरात १९२० साली तंत्रमहाविद्यालय निघाले, आणि तेथून १९२६ साली स्थापत्याची पदवी घेऊन बाहेर पडलेले सुकार्नो इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. तेथीलच जुआंडा कार्तविजया पुढे पंतप्रधान झाले. १९५९ पासून ती संस्था बांडुंग तंत्रशास्त्र संस्था म्हणून ओळखली जाते आणि त्या देशात तिचा दबदबा मोठा आहे. सुकार्नो यांनी सरकार उलथविले, विश्वेश्वरय्यांनी मात्र सरकारात राहूनच अंदाजपत्रकांच्या नि तक्त्यांच्या बळावर त्याला वळण लावू पाहिले. दोन्ही देशांच्या प्रकृतीतला हा भेद त्यांच्या शाळांतही कोठेतरी उमटला असावा.

स्वातंत्र्योत्तर काळातील माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी परदेशात नाव काढले. पुण्यातच जन्मलेले मल्याळी थॉमस कैलाथ यांनी १९५६ साली येथून दूरसंचाराची पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संदेशप्रक्रिया व नियंत्रणशास्त्र यांत पायाभूत संशोधन केले. बारामतीत जन्मलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधून काढला. कारखान्यात पत्रा कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत त्याचा वापर होतो. वाईजवळच्या पसरणीचे बाबुराव गोविंदराव शिर्के यांनी १९४३ मध्ये पदवी घेऊन बांधकामाचा धंदा उभारला, सिपोरेक्स या हलक्या ठोकळ्यांचा प्रसार केला आणि पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल बांधले.

माधवराव चितळे यांच्याशी मराठवाड्याचा संबंध यांपैकी कोणाहूनही निकटचा आहे. १९५५ साली ते येथून स्थापत्य अभियंता झाले, केंद्र सरकारचे जलसंपत्ती सचिव झाले, १९९३ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला, आणि औरंगाबाद हे त्यांचे वास्तव्याचे ठिकाण झाले. त्यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ साली दिलेल्या विस्तृत अहवालात पाण्याचा हिशेब जिल्ह्यानुसार न करता खोरे व उपखोरे यांनुसार केला, आणि तुटीची खोरी कोणती, विपुलतेची कोणती, हे स्पष्ट लिहून ठेवले. मांजरा आणि तेरणा यांच्या खोऱ्यात राहणाऱ्या औसेकरांना त्या तक्त्यात आपले स्थान पाहून आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. तरीही या तुटीच्या खोऱ्यात उसाचे फड आणि साखर कारखाने वाढत गेले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूर शहराला पाणी आणावे लागले. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी ब्लॉक पद्धतीने जो प्रश्न सोडवू पाहिला, तो तसाच उभा होता.

किल्लारी हे गाव औसा तालुक्यातलेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाच्या वेळी, ज्या मानकावर देशभरचे अभियंते घरांच्या मजबुतीचे हिशेब करीत, त्यात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे भारी माळवद, ही उन्हापासून बचाव करणारी रीतच झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे त्यात गेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, इतर असंख्य घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचे काम जागतिक बँकेच्या साहाय्याने झाले, आणि २००२ साली सुधारलेल्या मानकात हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. स्थापत्याच्या विद्यार्थ्याला, मग तो पुण्याचा असो वा अन्य कोठला, किल्लारी हा तेव्हापासून अभ्यासाचा विषय झाला.

१९८१ साली नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान संस्थांना परवानगी दिल्यावर लातुरातही खाजगी महाविद्यालय सुरू झाले, आणि लातूर तालुक्यातील रामेश्वर (रुई) गावचे विश्वनाथ कराड, जे पुण्याच्या याच महाविद्यालयात अध्यापक होते, त्यांनी त्याच वर्षी पुण्यात स्वतःची संस्था काढली. बारावीला भरपूर गुण मिळवून देणाऱ्या लातूरच्या शिकवण्यांतून निघालेली मुले आता प्रवेशपरीक्षेच्या क्रमवारीनुसार शिवाजीनगरच्या दगडी इमारतीत दाखल होतात; त्यांत औशाकडचीही असतात.