हॉस कार्टराइट आणि रक्ताची गुठळी

माझ्या पीएचडीचा विषय रक्त कसं गोठतं हा. जुने शोधनिबंध वाचताना मला सालं जुळवत बसायची सवय आहे. १९७५ च्या एका निबंधाशेजारी माझ्या वहीत एका नटाचं नाव लिहिलंय : डॅन ब्लॉकर, १९७२.

‘बोनान्झा’ ही वेस्टर्न मालिका अमेरिकेत एनबीसीवर सप्टेंबर १९५९ मध्ये सुरू झाली, तीही पहिल्यापासून रंगीत. नेवाडातलं मोठं कुरण, बाप आणि तीन मुलगे. मधला मुलगा हॉस म्हणजे ब्लॉकर. ६ फूट ४ इंचांचा धिप्पाड गडी, पण स्वभाव लोण्यासारखा. म्हणूनच तो लोकांचा इतका लाडका झाला.

टेक्सासचा हा माणूस कोरियन युद्धात लढला, नाट्यविषयात मास्टर्स झाला, शाळेत शिकवलं आणि मग पीएचडीसाठी कॅलिफोर्नियात आला. अभिनयाची कामं मिळत गेली, पीएचडी राहून गेली. (हे माझ्या गाइडना सांगू नका!)

मे १९७२ मध्ये त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर १३ मे रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो गेला. कारण : फुप्फुसात अडकलेली गुठळी.

हे होतं कसं? ऑपरेशननंतर माणूस पडून असतो, त्यामुळे पायाच्या खोल शिरांत रक्त संथ वाहतं. त्यातच जखमेमुळे गोठण्याची यंत्रणा जागी झालेली असते. शिरेत गुठळी धरते. ती सुटली, की हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन बसते.

‘बोनान्झा’ने हॉससाठी दुसरा नट आणला नाही. जानेवारी १९७३ मध्ये मालिकाच संपली.

आता तो १९७५ चा निबंध. लंडनचे सर्जन विजय कक्कर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला. मोठं ऑपरेशन होणारे, चाळिशी ओलांडलेले ४१२१ रुग्ण. साधारण निम्म्यांना हेपॅरिनचे छोटे डोस त्वचेखाली दिले. फुप्फुसातल्या गुठळीने झालेले मृत्यू : हेपॅरिनविना १६, हेपॅरिन घेतलेल्यांत २.

हेपॅरिन १९७२ मध्येही होतंच. दिलं असतं तर ब्लॉकर वाचला असता का? तसं म्हणता येत नाही. आकडे गटाबद्दल बोलतात, एका माणसाबद्दल नाही. पण लॅबमध्ये कंटाळा आला, की मी वहीतलं ते पान उघडतो. तक्त्यातला ‘१६’ मग नुसता आकडा राहत नाही.