हेलसिंकीतला अर्धा तास

चारशे मीटरची शर्यत संपली की शाळेच्या मैदानावर दोन आवाज हमखास ऐकू येतात. धापा टाकत खाली बसलेल्या मुलीला पीटीचे सर ओरडून सांगतात, "बसू नकोस, चालत राहा!" आणि कडेला उभी असलेली तिची आजी म्हणते, "बस गं बाई जराशी, जीव निवू दे." दोघांपैकी खरे कोणाचे, असा प्रश्न पुसदला आमच्या एका वर्गात विज्ञानाच्या तासाला निघाला आणि आम्ही शिक्षक मंडळी अडलो. उत्तर शोधता शोधता आम्ही जाऊन पोचलो ते १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या आखाड्यावर.

खाशाबा जाधवांची गोष्ट मुलांना ठाऊक असते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे हे मल्ल. १९४८ साली लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅटवरच्या कुस्तीची सवय तिथेच, रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाच्या हाताखाली, थोडीबहुत झाली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे जमेनात, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिंपिक पदक.

या कथेतला एक भाग मात्र आपण घाईने सांगून पुढे जातो. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती पंधरा मिनिटांच्या आसपास चालली. ती हरल्यावर त्यांना जवळजवळ लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावले गेले, असे सांगितले जाते. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

आता विज्ञानाच्या शिक्षकाने विचारायचा प्रश्न असा : तो अर्धा तास मिळाला असता तर खाशाबांच्या शरीरात नेमके काय घडले असते?

याचे उत्तर १९५२ साली बरेचसे उपलब्ध होते, ही यातली खरी चुटपुट. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. ऑक्सिजनवाचून थकवलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते आणि ऑक्सिजन मिळाला की ते नाहीसे होते, असे त्यांना दिसले. पुढे आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांनी हे काम वाढवले. १९२२ सालचे शरीरक्रियाविज्ञानाचे नोबेल दोघांत वाटून दिले गेले. हिल स्वतः धावणारा माणूस. त्याने बेडूक सोडून स्वतःला आणि सहकाऱ्यांना पळवले, पळून झाल्यावरचा उच्छ्वास पिशव्यांत गोळा केला आणि 'ऑक्सिजनचे कर्ज' ही कल्पना मांडली. स्नायू दमात उधारीवर काम करून घेतात आणि नंतर धापा टाकत ती उधारी फेडतात. वाण्याच्या वहीइतकी सोपी कल्पना. वर्गात ती लगेच पटते.

पण वहीत दोन खाती निघाली. हार्वर्ड विद्यापीठात १९२७ ते १९४७ या काळात खास थकव्याच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा चालत असे. तिथे मार्गारिया, एडवर्ड्स आणि डिल यांनी १९३३ साली दाखवले, की कर्जाचा पहिला हप्ता फार झटपट फिटतो आणि त्याचा लॅक्टिक आम्लाशी संबंध नसतो. दुसरा मात्र रेंगाळतो. पहिल्या हप्त्यात स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पुन्हा भरतो, हे आज आपल्याला माहीत आहे. निम्मा साठा साधारण अर्ध्या मिनिटात आणि जवळजवळ सगळा तीन ते पाच मिनिटांत भरतो. फार थकवणाऱ्या श्रमांनंतर थोडा अधिक वेळ लागतो. रक्तातले लॅक्टेट निम्मे व्हायला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. त्याच प्रयोगशाळेने १९३०च्या दशकात हेही पाहिले, की निव्वळ बसून राहण्यापेक्षा हलका व्यायाम चालू ठेवला तर लॅक्टेट लवकर कमी होते. म्हणजे पीटीच्या सरांच्या आरोळीला तेव्हापासूनच प्रयोगाचा आधार आहे.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण आपल्यापैकी अनेकांनी लॅक्टिक आम्ल म्हणजे स्नायूत साचणारे विष असेच शिकवले आहे. आम्हीही शिकवले. १९८०च्या दशकापासून कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ब्रुक्स यांच्या कामाने हे चित्र पालटले. लॅक्टेट हे इंधन आहे. एक स्नायू ते बाहेर टाकतो, तर हृदय आणि दुसरे स्नायू ते जाळतात. थकव्याची कारणे त्याहून गुंतागुंतीची आहेत. दुसऱ्या दिवशी अंग दुखते तेही लॅक्टेटमुळे नव्हे. ते तर तास-दीड तासात पूर्वपदावर आलेले असते. दुखण्याचे कारण तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा. रक्तातले लॅक्टेट हे जोरकस श्रमांचे आणि त्यातून सावरण्याचे माप म्हणून उपयोगी आहे, एवढेच.

तिसरे खाते ग्लायकोजेनचे. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघांनी एक गमतीदार प्रयोग केला. एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारले. मग सुईने मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायातले ग्लायकोजेन जवळपास संपले होते, दुसऱ्यातले तसेच होते. पुढचे तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार घेतल्यावर दमलेल्या पायात विश्रांती घेतलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट साठा झाला. हा हिशेब तासांचा आणि दिवसांचा आहे, मिनिटांचा नाही.

आता हेलसिंकीकडे परत येऊ. अर्ध्या तासात खाशाबांचे ग्लायकोजेन भरले नसते. घामावाटे गेलेले पाणी थोडेफार भरून निघाले असते. पण लॅक्टेट निम्म्याच्या खाली आले असते, आणि डाव टाकताना ज्या झटक्याची गरज असते, तो पुरवणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठा तर पूर्ण भरला असता. कुस्ती जिंकलीच असती, असे आम्ही म्हणणार नाही. समोरचा मल्लही कसलेला होता. मात्र नियमातला तो अर्धा तास म्हणजे उपचार नव्हता. मल्लाच्या शरीराला परत मिळू शकणारी नेमकी तेवढी ताकद त्यांच्याकडून काढून घेतली गेली, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे या विषयाचा विचारच नव्हता, असे मात्र नाही. तालमीत मेहनतीनंतर मालीश, दूध-बदामाचा खुराक आणि झोप यांना मेहनतीइतकेच महत्त्व असे. मालिशने लॅक्टेट निघून जाते हा समज टिकत नाही, पण अंगदुखी थोडी कमी होते. आणि घाम गेल्यावर दूध हे चांगले पेय आहे, हे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. आमच्या विदर्भात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे; १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनला जाऊन देशी व्यायाम आणि खेळ दाखवले. बडोद्याच्या माणिकरावांकडे शिकलेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांच्या वेळी शरीरातले दाब मोजायला, क्ष-किरण छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली शवासनाचा रक्तदाबावरचा परिणाम प्रसिद्ध केला. निजून राहणे हाही अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे इथे फार लवकर उमगले होते. फक्त ही प्रयोगशाळा आणि तो आखाडा यांची गाठ पडली नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली ती १९६१ साली, खाशाबांच्या पदकानंतर नऊ वर्षांनी. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला तर २०२४ साल उजाडले : कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे नेमबाजीतले कांस्य.

वजनाबद्दल थोडे. कुस्ती आणि कबड्डीच्या वजनगटासाठी मुले आदल्या दिवशी पाणी तोडतात, स्वेटर घालून पळतात. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत असेच वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल मरण पावले. त्यानंतर तिथले नियम बदलले. पाणी कमी झालेल्या शरीराला घाम गाळून स्वतःला थंड ठेवता येत नाही. आमच्याकडच्या उन्हात हे किती महागात पडेल, ते सांगायला नको.

राहिला आजीचा आणि सरांचा वाद. तो वर्गाला स्वतः तपासू द्यावा. निवांत बसल्यावेळची नाडी मोजावी. चारशे मीटर पळाल्यावर लगेच, मग १, २, ३ आणि ५ मिनिटांनी पंधरा सेकंदांची नाडी मोजून चारने गुणावे. एक दिवस बसून, दुसऱ्या दिवशी सावकाश चालत. (दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना नोंदी करायला बसवावे.) बसलेल्यांची नाडी लवकर उतरते आणि वर्ग आजीच्या बाजूने निकाल देऊन मोकळा होतो. आमच्या वर्गाने तसाच दिला. मग सांगावे लागते, की चालायलाही ऑक्सिजन लागतो म्हणून नाडी चढी राहते. नाडी हा एक साक्षीदार आहे, लॅक्टेट तिला दिसत नाही. शिवाय पळून झाल्यावर एकदम ताठ उभे राहिले तर पायांत रक्त साचून भोवळ येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात, आणि बसल्याने किंवा आडवे झाल्यानेही भोवळ टळते. लगेच पुन्हा एक झटका मारायचा असेल तर आजीचे ऐकावे. तासाभराने दुसरी शर्यत असेल तर सरांचे.

गेल्या स्पर्धेला आमच्या मुलींचे कबड्डीचे तीन सामने एकाच दुपारी लावले होते. त्यानंतर आम्ही वहीत गुणांशेजारी एक नवा रकाना आखला आहे : आधीचा सामना किती वाजता संपला.