डेटा सेंटरची वाढ आणि चेन्नईचे वीजगणित

चेन्नई : मोबाइलवरून केलेला आर्थिक व्यवहार असो, साठवून ठेवलेले छायाचित्र असो वा कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलेला प्रश्न, त्यामागे अहोरात्र चालणारे सर्व्हर असतात. हे सर्व्हर सामावणाऱ्या डेटा सेंटरच्या क्षमतेत मुंबई-नवी मुंबई परिसर देशात आघाडीवर असून, त्यानंतरच्या प्रमुख केंद्रांमध्ये चेन्नईची गणना होते. डिजिटल तंत्रज्ञानामुळे विजेची बचत होते की मागणी वाढते, या प्रश्नाचे दोन्ही पैलू या शहरात दिसतात.

चेन्नईची निवड का?

‘सी-मी-वी ४’सह अनेक आंतरराष्ट्रीय समुद्री केबल चेन्नईच्या किनाऱ्यावर येतात. अंदमान-निकोबारला जोडणारी केबलही ऑगस्ट २०२० मध्ये येथूनच सुरू झाली. अंबत्तूर आणि सिरुसेरी येथे डेटा सेंटर एकवटली आहेत. तमिळनाडू सरकारने २०२१ मध्ये या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, तर केंद्राने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधांच्या यादीत स्थान दिले.

मागणीचा भार

वर्षभर १०० मेगावॉटच्या स्थिर भाराने चालणाऱ्या केंद्राला ८७ कोटी ६० लाख युनिट वीज लागते. दरमहा २०० युनिट वापरणाऱ्या ३ लाख ६५ हजार कुटुंबांची वार्षिक गरज एवढीच असते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार, २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे जागतिक वीजवापराच्या दीड टक्का वीज वापरली. २०३० पर्यंत हा वापर ९४५ अब्ज युनिटवर जाईल. या काळात प्रगत देशांतील वीजमागणीच्या वाढीत डेटा सेंटरचा वाटा २० टक्क्यांहून अधिक, तर उदयोन्मुख व विकसनशील देशांत सुमारे ५ टक्के राहील, असे संस्थेने म्हटले आहे. कारखाने, वातानुकूलन यंत्रे आणि विद्युत वाहने यांची मागणीही या देशांत वाढत असल्याने तेथे हा वाटा लहान दिसतो. मात्र ही केंद्रे मोजक्या शहरांत एकवटत असल्याने स्थानिक उपकेंद्रे आणि वाहिन्यांवरील ताण राष्ट्रीय सरासरीतून दिसत नाही. तमिळनाडूची कमाल वीजमागणी मे २०२४ मध्ये २० हजार मेगावॉटच्या पुढे गेली होती.

वीज की पाणी?

केंद्राला लागणारी एकूण वीज आणि प्रत्यक्ष संगणकीय यंत्रणेला लागणारी वीज यांच्या गुणोत्तरास ‘पीयूई’ म्हणतात. ते १.५ असेल, तर संगणकीय कामाच्या प्रत्येक युनिटमागे अर्धे युनिट शीतकरण आणि अन्य कामांवर खर्च होते. चेन्नईच्या उष्ण व दमट हवेत शीतकरणाचा भार वर्षभर राहतो. पाण्याच्या बाष्पीभवनावर आधारित पद्धतीत वीज कमी लागते, पण पाणी खर्ची पडते. हवेवर आधारित पद्धतीत पाणी वाचते, पण विजेचा वापर वाढतो. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. त्यामुळे येथे ही निवड केवळ खर्चाची राहत नाही.

बचतीची बाजू

स्मार्ट मीटरमुळे दिवसाच्या वेळेनुसार वीजदर आकारता येतो. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमदुरुस्तीत सौरऊर्जेच्या तासांत सवलतीचा आणि कमाल मागणीच्या वेळी चढा दर ठेवण्याची तरतूद आहे. संवेदकांच्या साहाय्याने इमारतींतील वातानुकूलन गरजेपुरते चालवता येते. मात्र कार्यक्षमता वाढली की सेवा स्वस्त होऊन वापरही वाढतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाबाबत हे निरीक्षण १८६५ मध्येच नोंदवले होते.

वीज कोठून येते?

देशातील ७० टक्क्यांहून अधिक वीजनिर्मिती कोळशापासून होते. तमिळनाडूत १० हजार मेगावॉटहून अधिक पवनऊर्जा क्षमता असली, तरी वाऱ्याचा मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर असतो. डेटा सेंटरची मागणी मात्र बाराही महिने, रात्रंदिवस सारखीच असते. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनुसार १०० किलोवॉट व त्याहून अधिक भार असलेल्या ग्राहकाला थेट हरित वीज घेता येते. तथापि, वर्षाच्या हिशेबात हरित ठरलेले केंद्र वारा पडलेल्या रात्री कोळशाच्या विजेवर चालू शकते. त्यामुळे साठवणूक व्यवस्था, तासागणिक वीजवापराची नोंद आणि पाणीवापराचा जाहीर हिशेब यांवरच डिजिटल वाढीची खरी किंमत आणि ती कोण मोजतो, हे स्पष्ट होईल.